पस्तिसाव्या किलोमीटरला भेटू: मॅरेथॉनमध्ये मैत्रिणीला चिअर करायला जाताना

मी धावत नाही. लोकलमागेसुद्धा धावत नाही, मागून दुसरी येतेच. पण माझी कॉलेजची मैत्रीण चाळिशीत पळायला लागली आणि तेव्हापासून जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मला डोंबिवलीहून मुंबई गाठावी लागते. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून होतेय. आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी त्यात पळत असतं आणि आदल्या आठवड्यात सहज म्हणून जातं, ‘येशील का बघायला?’ आपणही सहज ‘हो’ म्हणतो. पुढचं हे सगळं त्या ‘हो’ म्हणून बसलेल्यांसाठी.

माझं पहिलं वर्ष आधी सांगते, म्हणजे काय करू नये ते कळेल. पहाटे साडेचारला मी सीएसएमटीला हजर. मैत्रीण तपासणी करून आत गेलेली, माझ्यासमोर नुसते बॅरिकेड. मग घाईघाईने मरीन ड्राइव्हला गेले आणि दुभाजकाच्या नको त्या बाजूला उभी राहिले. ती पलीकडून गेली, मला फक्त टोपी दिसली. शेवटी फिनिशपाशी गेले, तर तिथेही नातेवाइकांना आत प्रवेश नाही. फोन तिच्या बॅगेत, बॅग सामानाच्या काउंटरवर. भेट झाली तेव्हा ती पोहोचून पाऊण तास उलटला होता. एवढ्या धावपळीत मी तिला एकूण चार सेकंद पाहिलं, तेही पाठमोरं.

सुरुवात सोडून द्या

स्टार्टला जाऊन काही मिळत नाही. त्या वेळी पळणाऱ्याच्या अंगात नुसता उत्साह असतो, तुमची गरज शून्य. गरज लागते ती तीस किलोमीटरनंतर. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर बहुतेकांची तीस-पस्तीसच्या दरम्यान तळाला जाते. रनर मंडळी याला ‘वॉल लागली’ म्हणतात. पाय लाकडाचे होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे डोकं वाद घालायला लागतं: थांबलीस तर काय बिघडेल, कोण विचारणार आहे?

मुंबईत नेमकं इथेच पेडर रोडचा चढ येतो. परतीच्या वाटेवर हाजी अलीकडून वर चढणारा हा रस्ता साधारण पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आडवा येतो. गाडीने जाताना हा चढ आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. लताबाईंचं ‘प्रभुकुंज’ ज्या रस्त्यावर आहे तोच हा रस्ता, आणि मॅरेथॉनच्या दिवशी इथले रहिवासी संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, चिक्की घेऊन फुटपाथवर उभे असतात. दक्षिण मुंबईच्या लोकांबद्दल मी एरवी जे काही बोलते ते त्या सकाळपुरतं मागे घेते.

तेव्हा एकच जागा निवडायची असेल तर हा चढ. त्यातही माथ्यावर उभं राहू नका. माथा दिसला की रनरला आपोआप बरं वाटतं. चढाच्या मध्यावर थांबा. शर्यतीचा मार्ग अधूनमधून बदलतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा आयोजकांच्या साइटवर जरूर बघा. चढ वगळलेला असेल तर 32 ते 37 किलोमीटरमधली अशी एखादी जागा शोधा जिथे एरवी गर्दी नसते. मरीन ड्राइव्हला माणसं भरपूर असतात, तिथे तुमच्या एकटीच्या ओरडण्याला काय किंमत? आणि सी लिंकवर जाण्याचा विचारही करू नका. तिथे एरवीही पायी जायला बंदी आहे. त्या दिवशी पूल मोकळा होतो तो बिब, म्हणजे छातीवर नंबराचा कागद, लावलेल्यांसाठी.

दोन-तीन ठिकाणी भेटायचा मोह होतो. रस्ते बंद, टॅक्सी नाही, आणि आपण पोहोचेपर्यंत ती पुढे गेलेली. एक जागा, आणि नंतर भेटीची जागा. बस.

आदल्या आठवड्यात मैत्रिणीला विचारायचं ते

बिब नंबर आणि पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं. ‘साधारण पाच तास’ या उत्तरावर समाधान मानू नका. मग, तू रस्त्याच्या कोणत्या बाजूने पळशील? हा प्रश्न तिला खुळचट वाटेल, पण विचारा. ती म्हणेल, ‘मी कडेकडेनेच पळते.’ डावी कड की उजवी, ते ठरवून घ्या. काही दुखणं, मधुमेह, दमा, कसली ॲलर्जी असेल तर तेही आत्ताच. आणि शेवटचं: ओरडलेलं चालेल ना? काहींना आवाज हवा असतो. काहींना ओळखीचं माणूस दिसलं की रडू फुटतं आणि लय तुटते. माझ्या एका मावसभावाने सरळ सांगितलं होतं, ‘ताई, तू ये, पण गप्प उभी राहा.’ राहिले. कठीण गेलं.

तुम्ही तिला गर्दीत शोधाल हा भ्रम आहे. हजारो माणसं, निम्म्यांच्या अंगात त्याच रंगाचे टी-शर्ट, आणि पस्तिसाव्या किलोमीटरला सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. तिलाच तुम्ही दिसायला हवं. त्यासाठी मी घरातली जळमटं काढायची काठी नेते, तिला केशरी ओढणी बांधून. गाडीत लोक बघतात. बघू देत. ‘चढाच्या मधोमध, उजव्या फुटपाथला, केशरी ओढणी’ एवढं तिला पाठ असतं. एकदा तिने सांगितलं की हाजी अली सोडल्यापासून ती मनात फक्त ‘केशरी, केशरी’ म्हणत होती.

वेळेचं गणित

हे कागदावर करा. फुल मॅरेथॉनची हौशी धावपटूंची सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास होते, पण सगळे एकदम सुटत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी सोडतात. टायमिंग मॅट, म्हणजे वेळ नोंदणारी रस्त्यावरची पट्टी, ओलांडायला तुमच्या मैत्रिणीला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. समजा तिने 5:12 ला मॅट ओलांडली आणि पेस सात मिनिटांचा आहे. पस्तीस गुणिले सात म्हणजे 245 मिनिटं, म्हणजे चार तास पाच मिनिटं. आले 9:17. तिसानंतर ती मंदावणार, पाण्यासाठी थांबणार, कदाचित शौचालयाच्या रांगेतही उभी राहील; वर दहा-पंधरा मिनिटं धरा. म्हणजे साडेनऊ. तरीही तुम्ही पावणेनऊला जागेवर हवं, कारण कधी कधी ही माणसं ठरल्यापेक्षा जोरात पळतात आणि मग आयुष्यभर ऐकवतात.

शर्यतीच्या ॲपवर बिब नंबर टाकला की रनर कुठे आहे ते दिसतं. त्यातला एक बारकावा लक्षात ठेवा. नेमकी वेळ फक्त मॅट ओलांडल्यावर नोंदली जाते. दोन मॅटच्या मध्ये तो ठिपका सरकतो तो अंदाजाने. मैत्रीण पोटरी धरून कडेला बसलेली असेल तरी ठिपका मस्त पळत असतो. शिवाय गर्दीत नेटवर्क मान टाकतं. कागदावरचं गणित खिशात असू द्या.

हाफ मॅरेथॉनवाल्यांचं वेगळं. 21 किलोमीटर, सुरुवात माहीमच्या रेतीबंदरहून, तीही पहाटेच. तुमचा मित्र हाफ पळत असेल तर तो दोन-अडीच तासांत, म्हणजे उजाडता उजाडता संपवेल. तुम्हाला खरोखरच पहाटे निघावं लागेल.

जायचं कसं

गाडीने नाही. दक्षिण मुंबईतले रस्ते पहाटेपासून बंद असतात. पेडर रोडसाठी पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठा आणि केम्प्स कॉर्नरकडून चालत वर या, वीस-पंचवीस मिनिटं. मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला बदलायचं. हाजी अलीच्या बाजूने चढायचं असेल तर महालक्ष्मी स्टेशन. मरीन ड्राइव्ह पसंत असेल तर चर्नी रोड, उतरलं की चौपाटी समोरच. आता भुयारी मेट्रोही आहे, पण रविवारी तिची पहिली गाडी किती वाजता असते ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

रस्ता ओलांडावा लागू नये अशाच बाजूने पोहोचा. नाइलाजाने ओलांडायचाच असेल तर पोलीस किंवा स्वयंसेवक सांगतील तिथूनच, मोकळी जागा बघून, आणि पटकन. चार तास पळलेल्या माणसाला तुमच्यासाठी एक पाऊल आडवं टाकायला लावणं म्हणजे काय, हे पोटरीत गोळा आलेल्यालाच विचारा.

पिशवीत काय

स्वतःसाठी पाणी, टोपी, खाणं. जानेवारीतली सकाळ सातपर्यंत गुलाबी वगैरे असते, नऊनंतर ऊन चावतं. बूट घाला, चपला नकोत. स्वच्छतागृहाची सोय स्टेशनवरच उरकून घ्या, पुढे भरवसा नाही.

तिच्यासाठी कोरडा टी-शर्ट, छोटा टॉवेल आणि चपला. चपला सगळ्यात महत्त्वाच्या, आणि सैल असलेल्या. पाय सुजलेले असतात, एखाद-दुसरं नख काळं पडलेलं असतं, बूट काढल्यावर ते परत घालणं नको होतं. खाण्यात खारट काहीतरी. पळताना ताकदीसाठी घेतात ते गोड जेल पिऊन पिऊन तिच्या तोंडाला मिठ्ठी बसलेली असते. एका वर्षी मी कौतुकाने बेसनाचे लाडू नेले. तिने डब्याकडे असं पाहिलं, की मी झाकण लावलं.

आता ओरडायचं

पहिला नियम, नावाने हाक मारा. बहुतेक बिबवर नाव छापलेलं असतं, त्यामुळे अनोळखी माणसालाही हाक मारता येते. तुमच्या मैत्रिणीला यायला पाऊण तास आहे, तोवर येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी मित्र आहे. चाळीस मिनिटं नुसतं उभं राहण्यापेक्षा घसा तापवून घ्या. मान खाली घालून चालणारे एक आजोबा मला आठवतात. मी बिब वाचून ‘काका, काय मस्त चाललंय!’ म्हटलं तर ते थांबले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, ‘खोटं बोलू नकोस गं,’ आणि पळायला लागले.

त्यांचं बरोबर होतं. खोटं बोलायचं नाही. सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे ‘आता थोडंच राहिलं!’ खेडेगावात पत्ता विचारल्यावर ‘हे काय, इथंच’ म्हणतात ना, आणि मग तासभर चालावं लागतं, तसं ते वाटतं. पस्तिसाव्या किलोमीटरला सात किलोमीटर उरलेले असतात. तिच्या पेसने जवळजवळ एक तास. ते थोडं नाही. ‘दमलीस का?’, ‘चेहरा किती उतरलाय!’, ‘बरं नसेल वाटत तर सोड हो’ हेही नको. सोडायचा विचार ती गेली पाच किलोमीटर करतेच आहे, तुमच्या दुजोऱ्याची वाट बघत.

मग म्हणायचं काय? खरं आणि डोळ्यांसमोर दिसतं ते. ‘चढ त्या झाडापर्यंतच आहे, मग उतार.’ (उतार खरंच आहे, केम्प्स कॉर्नरकडे रस्ता खाली जातो.) ‘खांदे सोड.’ ‘पावलं छान पडतायत.’ ‘चल चल चल’ला अर्थ नाही, पण ठेका आहे आणि ठेक्यावर पाय पडतात. ‘गणपती बाप्पा’ म्हटलं की अर्धमेला माणूससुद्धा ‘मोरया’ म्हणतो, हे मी कितीदा पाहिलंय. आवाजासाठी घरची स्टीलची थाळी आणि लाकडी डाव पुरे. झांजा आणल्या तर उत्तम. शिट्टी मात्र नको, स्वयंसेवक आणि पोलीस शिट्टीने इशारे देतात, उगाच गोंधळ होतो.

फलक करायचा असेल तर चार-पाच शब्द, मोठं देवनागरी, पिवळ्या कार्डशीटवर काळा मार्कर. वाचायला जेमतेम दोन सेकंद मिळतात. आमच्या फलकांपैकी ‘पळा, 8:14 ची फास्ट सुटतेय’ याला सर्वांत जास्त हशा मिळाला. ‘वेदना तात्पुरत्या असतात’ छापाचं तत्त्वज्ञान लिहू नका, त्या क्षणी त्या तात्पुरत्या वाटत नाहीत.

ती दिसली की दहा पावलं सोबत चालायला हरकत नाही, फुटपाथवरून. किलोमीटर-किलोमीटर तिच्या बाजूने पळू नका. बिब नसलेल्याने रस्त्यावर पळणं नियमात बसत नाही, आणि तुम्ही धापा टाकायला लागलात की तिला तुमचीच काळजी. सेल्फीसाठी थांबवू नका. फोटो हवाच असेल तर दुसऱ्या कुणालातरी काढायला सांगा. तुमचे हात टाळ्यांसाठी मोकळे हवेत, नाहीतर ती पस्तीस किलोमीटर पळून येते आणि तिला दिसतो तुमच्या मोबाईलचा मागचा भाग.

हातात काही द्यायचं का

आधी ठरलं असेल तरच. बाहेरून मदत घेण्याबद्दल प्रत्येक शर्यतीचे नियम असतात. वरच्या गटातल्या स्पर्धकांना तर अधिकृत टेबलाबाहेरचं काही घेतलं तर बाद करू शकतात. हौशी लोकांकडे सहसा कुणी बघत नाही, पण नियमावली एकदा वाचा. देणार असाल तर तेच, ज्याचा सराव तिने लाँग रनला केलाय. तळहात उघडा ठेवून त्यावर वस्तू ठेवा, तिला उचलता आली पाहिजे. प्रश्न विचारू नका. ‘बटाटा देऊ की संत्रं?’ याचं उत्तर द्यायची ताकद त्या डोक्यात नसते.

साध्या पाण्याचा आग्रह करू नका. ‘पी गं पी’ म्हणत तहानेपेक्षा जास्त नुसतं पाणी पाजलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. तहान लागेल तेवढंच.

आणि ही एक जागा जिथे विनोद बाजूला: कुणी, तुमचं असो वा परकं, झोकांड्या देत असेल, विचारल्याचं भलतंच उत्तर देत असेल, कुठे आहोत हे कळत नसेल, सारखी उलटी होत असेल, तर ‘चल चल’ बंद. त्याला कडेला घ्या, जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारा, वैद्यकीय पथक येईपर्यंत सावलीत ठेवा, अंग ओलं करून वारा घाला. छातीत दुखतंय म्हणालं तर एक मिनिटही थांबू नका. पायात गोळा आला तर मात्र घाबरायचं कारण नाही. पोटरी हळूहळू ताणायची, जरा चालायचं, बहुतेक जण परत पळायला लागतात.

फिनिशनंतर

भेटीची जागा आदल्या रात्री ठरवा आणि नेमकी ठरवा. ‘सीएसएमटीच्या बाहेर’ ही जागा नाही, तो एक जिल्हा आहे. आमची जागा धोबीतलावचा मेट्रो सिनेमाचा कोपरा, कारण गर्दी थोडी विरळ होते आणि समोर इराण्याचा चहा. मेडल घेऊन, सामान उचलून तिला तिथे यायला फिनिशनंतर अर्धा तास धरा. ती वेळेवर आली नाही तर किती वाजेपर्यंत थांबायचं आणि मग वैद्यकीय मदत केंद्राकडे कधी चौकशी करायची, हेही ठरलेलं असू द्या.

आल्या आल्या तिला बसवू नका. चार-पाच तास पळणारे पाय अचानक थांबले की रक्त खालीच राहतं आणि चक्कर येते. दहा मिनिटं सावकाश फिरवा, ओला टी-शर्ट बदलायला लावा, मग चपला, मग खारट. वेळ किती लागली हे तिने सांगेपर्यंत विचारू नका. तिने शर्यत अर्ध्यात सोडली असेल तर ‘पुढच्या वर्षी बघ’ हे त्या दिवशी अजिबात नको, भजी मागवा.

एका वर्षी पेडर रोडला मी तिच्या हातात बटाट्याची फोड दिली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्यासारखं काही दिसलं नाही. गालांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. मेट्रोच्या कोपऱ्यावर भेटली तेव्हा एका हातात मेडल आणि दुसऱ्या मुठीत तोच बटाटा, पार लगदा झालेला. सात किलोमीटर तिने तो नुसता धरून आणला होता. ‘हा तुझा,’ म्हणाली. मग स्वतःच बघितलं, मीठ दिसलं, आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला.

घरी नेताना जिने टाळा. चढण्यापेक्षा उतरणं वाईट असतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतात, आणि आज ते संपावर असतात. लिफ्ट किंवा सरकता जिना कुठे आहे ते आधी हेरून ठेवा. नाहीतर कठडा धरून उलटं, पाठमोरं उतरायचं, खरंच सोपं जातं. रविवारचा मेगाब्लॉक सकाळी उशिरा सुरू होतो, म्हणजे बरोबर तुमच्या परतीला. वेळापत्रक बघा, आणि बसायला मिळेल अशी, तिथूनच सुटणारी गाडी पकडा.

ही सगळी तयारी मुंबईची. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला जाणार असाल तर यवतेश्वरचा घाट वाहनांना बंद व्हायच्या आत वर पोहोचा, आणि तिथे पावसाळी हवा असते, म्हणून ओढणीच्या जागी छत्री. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सला, जिथे नव्वदेक किलोमीटरसाठी बारा तास देतात, लोक रस्त्याकडेला खुर्च्या आणि शेगड्या मांडून दिवसभर बसतात. तिथे आपली मराठी माणसंही पळायला जातात. मैत्रिणीचा डोळा तिकडे आहे, मला कळतंय.

पुढची शर्यत कोणती, हे त्या दिवशी तुम्ही विचारू नका. सीएसएमटीला गाडीत बसताना ती शपथेवर सांगते की हे शेवटचं. घाटकोपरपर्यंत गप्प असते. यंदा विक्रोळी आल्यावर तिने फोन काढला आणि म्हणाली, ‘बघ ना, नोंदणी कधी सुरू होते.’